टायटेनियमच्या दाताला टॉर्च मारू नका राव

परवा चोपड्याला मावशीकडे गेलो तर ही आरशासमोर तोंड आ वासून उभी, हातात नोटा तपासायची ती जांभळी टॉर्च, उजेड थेट हिरडीवर. "काय करी राहिनी मावशी?" तर म्हणे, "लाइट मारस ना, हाड लवकर धरस."

चारच दिवस झालेत तिच्या दाढेचा इम्प्लांट बसवून, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू, त्यावर पुढे नकली दाढ बसते. आणि फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय: टायटेनियमवर यूव्ही (अतिनील) लाइट रोज २० मिनिटं मारा, हाड १५ दिवसांत चिकटतं, जंतू मरतात म्हणून गोळ्यांची गरज नाही. खाली अजून, की लाइट मारलेला इम्प्लांट असला तर एमआरआय होत नाही आणि युरोपात टायटेनियमवर बंदीच आहे. म्हणजे लाइट मारा पण, आणि घाबरा पण!

आता यात थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. टायटेनियम बनवून ठेवलं की हवेतला कार्बन त्यावर हळूहळू बसतो, मग पाणी त्याच्यावर केळीच्या पानावरच्यासारखं गोळा होऊन घसरतं. यूव्ही दिला की तो थर जातो आणि पाणी सपाट पसरतं, रक्त पण तसंच, मग हाडाच्या पेशी चांगल्या धरतात. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठातले संशोधक ओगावा यांच्या टीमने २००९ मध्ये छापलंय, ४८ तास यूव्ही दिलेल्या इम्प्लांटचा हाडाला टेकलेला भाग ५५ टक्क्यांवरून ९८ च्या आसपास गेला. पण कोणाच्या? उंदरांच्या. आणि लाइट कधी दिला? बसवायच्या *आधी*, मशीनमध्ये, सुट्या स्क्रूला. मेसेजवाल्याने नेमकं हेच खाल्लं.

मावशीचा स्क्रू जबड्याच्या हाडात आहे, वर हिरडी टाके घालून बंद. यूव्ही चामडीत एक मिलिमीटरही धड जात नाही, हाडात काय जाणार? आणि गेला तरी साफ काय करणार, बसवला त्या क्षणीच त्याच्यावर रक्त आलंय. वर ती नोटांची टॉर्च, मशीनमधल्या लाइटशी तिचा काय संबंध! कोणी जंतू मारायचा खरा यूव्ही दिवा आणून तोंडाशी धरला तर मात्र डोळ्यांचं काय होतं ते वेल्डिंगवाल्याला विचारा, रात्री डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतं.

पण माझं डोकं फिरलं ते गोळ्यांवरून. मावशीने दोन दिवसांपासून अँटिबायोटिक बंद केलंय, पाकीट अर्धं तसंच डब्यात, आणि हिरडी लाल. लगेच डॉक्टरला फोन लावून दिला. ज्याने हे लिहिलं त्याला ती हिरडी दाखवायला पाहिजे होती.

एमआरआयचं: यूव्ही दिल्याने धातूत काही साठून राहत नाही, आणि टायटेनियम चुंबकाला चिकटत नाही. टेक्निशियनला आधी सांगायचं, फोटो त्या जागी जरा बिघडतो, बस.

युरोपची बंदी २०२२ ची आहे, पण ती खाण्यात घालतात त्या पांढऱ्या रंगावर, टायटेनियम डायऑक्साइडची पावडर, ई-१७१. स्क्रूवर नाही.

आणि १५ दिवस? हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने धरतात, डॉक्टरने पण तिला हेच सांगितलंय, पण तिला आत्ताच कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खायचीय. टॉर्च मी घेऊन आलो. मावशी म्हणे, "राहू दे ना, नोटा तरी पाहसू."