ऐकून सांगा की जरा

सांगलीत गाण्याबजावण्यावर लिहिणाऱ्या माणसानं दाढी घरीच करावी. गळ्यावर वस्तरा असताना 'आमच्या मेव्हण्याचं नवीन गाणं आलंय, तुमी ऐकलंच असंल' हे वाक्य कानावर पडलं, की मतस्वातंत्र्याचं काही खरं नसतं. 'फार छान' एवढंच म्हणता येतं, आणि तेही जबडा न हलवता.

आम्ही चौघं आहोत. पाठीशी कुठली कंपनी नाही, सिनेमा नाही, आपल्याच खोलीत आपल्याच पैशानं गाणी करतात अशा पोरापोरींविषयी आम्ही लिहितो. गाण्यांचा त्यांना जेवढा मोबदला मिळतो, तेवढाच आम्हाला लिहिण्याचा मिळतो, त्यामुळे दोन्ही पक्षांत असूया नाही. मी विम्याच्या कामात. दुसरे प्राध्यापक, भौतिकशास्त्राचे. तिसरा मिरजकर, त्याचं औषधाचं दुकान आहे. आणि चौथ्या वहिनी. त्या कुणाच्या वहिनी हे आता कुणालाच आठवत नाही. त्या पतसंस्थेत वसुलीला आहेत. आमचा मजकूर शेवटी त्यांच्या हाताखालून जातो. नोटिसा लिहून लिहून त्यांच्या भाषेतली विशेषणं संपलेली आहेत. मी 'हृदयस्पर्शी' लिहिलं की त्या खोडून 'चार मिनिटांचं' लिहितात.

पाहुण्यांना वाटतं, काय मजा आहे, दिवसभर गाणी ऐकायची! गाणी ऐकायला मिळावीत म्हणून मी हे सुरू केलं होतं. आता गाणी मला ऐकावी लागतात. त्यातून शुक्रवार. पूर्वी इंग्लंडात नव्या ध्वनिमुद्रिका सोमवारी यायच्या, अमेरिकेत मंगळवारी. जुलै 2015 मध्ये जगभरच्या कंपन्यांनी ठरवलं, की आता सगळ्यांनी शुक्रवार धरायचा. लंडनचं ठीक आहे हो. पण आमच्या विश्रामबागेतल्या, इस्लामपुरातल्या, विट्याच्या पोरांनीही तोच शुक्रवार धरलाय. गुरुवारी मध्यरात्री माझा फोन जो थरथरायला लागतो, तो शनिवारी सकाळपर्यंत. प्रत्येक गाण्याबरोबर एकच ओळ असते: 'ऐकून सांगा की जरा.' आणि दहा मिनिटांनी, 'ऐकलं का?' गाणं पाच मिनिटांचं असलं तरी हीच मुदत.

गाण्याबरोबर कलाकाराचा परिचयही येतो. 'लहानपणापासून संगीताची आवड.' सगळ्यांनाच. मोठेपणी, म्हणजे नोकरी लागल्यावर, दोन मुलं झाल्यावर अचानक आवड लागलेला एखादा तरी गायक मिळावा म्हणून मी आस लावून बसलोय. फोटोचं तेच. आयर्विन पूल. 1929 पासून बिचाऱ्यानं वाहनं पेलली, पूर पेलले, आणि आता गिटार घेऊन कठड्याला टेकलेली पोरं पेलतोय. सगळ्यांची नजर कृष्णेकडे. कॅमेऱ्याकडे बघितलं की गाणं उथळ होतं, असा काहीतरी समज असावा.

या पुलानं प्राध्यापकांना मात्र एक युक्ती दिली. सांगलीकराला पावसाळ्यात देवाच्या नावाआधी आयर्विनची पातळी पाठ असते: 40 फूट इशारा, 45 फूट धोका. (2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा पाठांतर थांबलं आणि लोक गच्चीवर गेले.) आता गाण्याचा दणका मोजायचं एकक एलयूएफएस; त्यात शून्याच्या जितकं जवळ जावं तितका दणका जास्त. स्पॉटिफायवर साधारण वजा 14 ही पातळी धरतात. त्याहून दणकेबाज गाणं ऐकवताना ते आवाज खाली ओढतात. म्हणजे पोरानं जीव तोडून गाणं वजा 6 ला नेलं, तरी श्रोत्यापर्यंत ते वजा 14 नेच पोचणार, फक्त वाटेत त्यातले चढउतार चेपून सपाट झालेले असणार. प्राध्यापक हे समजावून थकले. मग त्यांनी वजा 10 ला इशारा आणि वजा 7 ला धोका जाहीर केला. पोरांना ते एका क्षणात कळलं. हल्ली फोन येतो, 'सर, इशाऱ्याच्या खाली आणलंय, आता ऐकून सांगा.' म्हणजे ज्ञान वाढलं. ऐकणं काही सुटलं नाही.

पैशाचं गणित त्याहून अवघड. 2024 पासून स्पॉटिफायचा नियम आहे, की आधीच्या 12 महिन्यांत गाणं किमान 1000 वेळा ऐकलं गेलेलं असलं तरच त्याचे पैसे मोजायला घ्यायचे. तासगावकडच्या एका पोरासाठी हे मी त्याच्या वडिलांना समजावत होतो. द्राक्षबागायतदार माणूस. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'हजारच न्हवं? मग एवढं तोंड पाडून का बसलाय त्यो?' दुसऱ्या दिवशी बागेत एका वेलीला त्यांनी फोन टांगला. विरहगीत सकाळी सातपासून चालू. मी त्यांना सांगितलं, की एकाच फोनवर भागत नाही, वेगवेगळे श्रोतेही लागतात, आणि ते किती हे कंपनी उघड करत नाही. ते म्हणाले, 'मग बाया हायेत की.' शेडमध्ये पेट्या भरणाऱ्या सगळ्या बायकांच्या फोनवर तेच गाणं, प्रत्येकीचं एकेका ओळीनं पुढेमागे. मी उभा होतो तिथे नायिका एकाच वेळी भेटत होती, रुसत होती आणि गाव सोडून चाललेली होती. खोटी आकडेवारी पकडली गेली तर गाणंच काढून टाकतात, हे सांगितल्यावर त्यांनी फोन काढून घेतले. पण वेलीवरचा ठेवला. 'पाखरं येत न्हाईत,' म्हणाले. हा अभिप्राय आम्ही छापला नाही.

अभिप्रायाचं खरं न्यायालय मिरजेत. आम्ही सांगलीकर गाण्याला निदान 'प्रयोग चांगला आहे' म्हणून सोडून देतो. मिरजेत तसं चालत नाही. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले आणि तिथल्या दर्ग्यात विसावले. उरसात त्यांच्या स्मरणार्थ अजून रात्र रात्र गाणं होतं. हिराबाई बडोदेकर जन्मल्या त्याच गावात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले तेही तिथेच. अशा गावात तुम्ही संगणकावर केलेलं गाणं फोनच्या स्पीकरवर वाजवून 'कसं वाटतं?' म्हणून विचारायचं म्हणजे धाडसच. आमचा मिरजकर औषधं देता देता ऐकतो. आवडलं तर गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे परत देतो, नाही आवडलं तर गोळ्या देतो.

एकदा एका मुलीच्या गाण्यात पाठीमागे तंबोरा होता. खरा की यंत्रातला, यावरून आमच्यात पेटली. प्राध्यापकांनी आलेख काढला. वहिनी म्हणाल्या, मुलीलाच विचारा. पण असा सरळ मार्ग संगीताच्या क्षेत्रात कुणी स्वीकारत नाही. मिरजकर आम्हाला घेऊन सतारमेकर गल्लीत गेला. मूळची शस्त्रं घडवणारी शिकलगार मंडळी ही. एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात भोपळेच भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वाळतात, कापले जातात. एक चाचा घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, बारीक कानस फिरवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, काढत होते. कानस फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, परत कानस. आम्ही फोन पुढे केला. त्यांनी दोन आवर्तनंही ऐकली नाहीत.

'मशिनीचं हाय.'

'कशावरून?' प्राध्यापकांनी आलेख उघडला.

'दमत न्हाई त्ये,' चाचा म्हणाले आणि कानस उचलली.

प्राध्यापक परतीच्या बसमध्ये वानलेसवाडी येईपर्यंत बोलले नाहीत. मला मात्र वेगळंच लागून राहिलं होतं. आम्ही बसलो होतो तेवढ्या वेळात चाचांनी त्या एका घोडीवर 'अजून बोलंना' असं कितीदा तरी म्हटलं. त्यांना कुणी दहा मिनिटांनी 'ऐकलं का?' विचारत नसावं. आणि कुणाच्या मेव्हण्याचं आहे म्हणून ती तारही लवकर बोलत नसणार. आम्ही स्वतःला स्वतंत्र म्हणवतो ते कशाच्या जोरावर, असा प्रश्न मला पडला. आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही, हे खरं. पण दूध घेतो. गॅस घेतो. लग्नाच्या पत्रिका घेतो. पाच-सहा लाखांच्या गावात गायक, वादक, श्रोता आणि समीक्षक यांचा भाजीवाला एकच असतो. मुंबईचा समीक्षक एखाद्याला झोडून लोकलमध्ये नाहीसा होतो. आम्ही झोडलं तर दुसऱ्या दिवशी तोच माणूस मारुती चौकात भडंगाच्या दुकानात आमच्या पुढे उभा असतो, आणि कांदा किती घालायचा हे त्याला विचारून आपल्या पुड्यातही तेवढाच पडतो.

तरीही गेल्या महिन्यात आम्ही धाडस केलं. इथल्याच एका बँडच्या गाण्याविषयी मी लिहिलं, 'तिसऱ्या कडव्यात ड्रम्स पुढे पळतात.' प्राध्यापक म्हणाले, किती पळतात ते लिहा; त्यांनी मोजून ठेवलं होतं. मिरजकर म्हणाला, कडव्याचा उल्लेख काढा, नुसतं 'लयीत चैतन्य आहे' लिहा, ज्याला कळायचं त्याला कळेल. वहिनींनी फक्त 'पुढे' हा शब्द खोडला. 'पळतात म्हटलं की पुढेच पळणार, मागे पळणारे आमच्याकडं वेगळे असतात,' असं म्हणून वाक्य पाठवून दिलं.

ड्रम वाजवणारा पोरगा आमच्याच सोसायटीचा वायरमन आहे, ही माहिती मला वाक्य गेल्यावर मिळाली. आणि मे महिना. ज्या संध्याकाळी ते सगळ्यांकडे पोचलं, त्याच संध्याकाळी आमच्या बैठकीतला पंखा बंद पडला. यात कारण आणि परिणाम असा काही संबंध नाही असं प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या घरचा पंखा चालू होता. मी फोन केला. 'येतो की' म्हणाला. आवाजावरून काही कळेना. आमच्या हिनं सरळ विचारलं, 'त्या पोराबद्दल चांगलं लिहायला काय जात होतं? विम्याच्या माणसाला एवढं तरी कळावं.'

तो आला दोन दिवसांनी. पिशवीत पक्कड, टेस्टर आणि एक छोटा स्पीकर. स्टुलावर चढला, पंखा उघडला आणि वरूनच म्हणाला, 'काका, तिसऱ्या कडव्यात पळतंय हे तुमाला कसं कळलं?'

मी म्हटलं, 'ऐकलं. म्हणजे... वाटलं आपलं.'

'पण तिसऱ्यापर्यंत ऐकलं?'

'हो.'

तो पंखा सोडून खाली उतरला. 'आमच्या बँडमधल्या दोघांनी बी तिसरं अजून ऐकलं न्हाई ओ! आई पहिल्या कडव्यालाच मान हलवून स्वयंपाकाला जाती.' त्यानं स्पीकर टेबलावर ठेवला, माझ्या समोर, अगदी कानाच्या रेषेत. 'नवीन अकरा गाणी हायेत. बाहेर कुणाला दिली न्हाईत. तुमी शेवटपर्यंत ऐकणार म्हटल्यावर कसं, आता निवांत होऊ दे.'

'पंखा आधी जोडतोस का?'

'जोडतो की. पण जोडला की घरघर येती, बारकं काम कळत न्हाई.' एवढं बोलून तो दाराशी गेला आणि त्यानं मेन स्विच खाली केला. फ्रिजही गप्प झाला. ही आतून भिजलेला पंचा घेऊन आली, माझ्या खांद्यावर टाकला आणि पोराला म्हणाली, 'बस रे, सरबत करते. सगळी ऐकव.'

पहिलं गाणं साडेसात मिनिटांचं होतं.