ब्रूटन पॅरिशला एका ओळीत उरकू नका

अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या विल्यम्सबर्ग या ऐतिहासिक गावावरच्या तुमच्या लेखात गव्हर्नर्स पॅलेसचं वर्णन झकास जमलंय, पण तिथल्या ब्रूटन पॅरिश चर्चला एका ओळीत उरकलंत, हे खटकलं. अहो, आज आपण तिकीट काढून बघतो ते ‘जुनं’ गाव मुळात या चर्चच्या एका रेक्टरच्या म्हणजे मुख्य धर्मगुरूच्या चिकाटीतून उभं राहिलं! रेव्हरंड गुडविन यांनी आधी आपलं १७१५ सालचं विटांचं चर्च दुरुस्त करून घेतलं, मग १९२६मध्ये धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना अख्खं गाव जुन्या रूपात उभं करण्यासाठी राजी केलं.

ब्रिटिश वसाहतीच्या काळात पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभाराचं, काम रविवारपुरतं नव्हतं. गोरगरीब, अनाथ पोरं यांची सोय वेस्ट्री म्हणजे पॅरिशचं पंचमंडळ बघायचं, आणि त्यासाठी लोकांकडून करही घ्यायचं. जुन्या नोंदवहीत गुलाम म्हणून राबणाऱ्यांच्या मुलांचेही बाप्तिस्मे नोंदलेत. त्यावर दोन ओळी हव्याच होत्या.

आम्ही गेलो तेव्हा मुलाला आवडला तो चर्चमधला वरचा सज्जा. पूर्वी गावातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पोरांनी तिथल्या लाकडी कठड्यावर नावाची आद्याक्षरं कोरून ठेवलीत. प्रवचन लांबलं की हात शिवशिवणारच! बाकी, हे काही म्युझियम नाही. प्रार्थना अजूनही होते, तेव्हा आत जाताना कॅमेरा जरा आवरा.