तेलाआधी पेंडीचा हिशोब मांडा

लातूर पट्ट्यातलं सोयाबीन तेलाचं उत्पादन पेऱ्याबरोबर वाढत गेलं, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पेरा वाढला हे खरंच. आमच्याकडे करडई होती, घाण्याचं तेल घरी यायचं. आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीनच. पण सोयाबीन हे तेलापेक्षा पेंडीचं, म्हणजे तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याचं पीक आहे, हे लेखात कुठेच आलं नाही. क्विंटलभर दाण्यातून तेल निघतं साधारण १८ किलो, ८० किलोच्या आसपास पेंड. पेंडीला गिऱ्हाईक नसलं की तेल काढणारे प्लांटवाले खरेदीत हात आखडता घेतात, मग शेतात कितीही पिको.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता. त्याच महिन्यात १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली आणि आमचा माल खळ्यावर येईपर्यंत भाव पार खाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क २७.५ टक्क्यांवर नेलं, मे २०२५ अखेर पुन्हा १६.५ वर आणलं. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४८९२ होता. मी मोंढ्यात पोतं उघडलं, आडत्याने मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले, ओलावा १४ टक्के दाखवला आणि चार हजारांच्याही खाली बोली लावली. दोन दिवस ताडपत्रीवर वाळवलेला माल होता तो.

पुढच्या लेखात पेंडीची निर्यात आणि आयात शुल्क उत्पादनाच्या आकड्यांशेजारी ठेवा, ही कळकळीची विनंती.