त्याच वळणावर किती वेळा?

गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम मी शर्यत खेळण्यासाठी विकत घेतला, वेठबिगारी करण्यासाठी नव्हे. परभणीत दिवसभर दुकान सांभाळून रात्री दहाला कंट्रोलर हातात घ्यावा, तर हवी ती गाडी कुलूपबंद! ती उघडायची तर चाळिसावी लेव्हल गाठा, लेव्हल गाठायची तर तोच ट्रॅक पन्नास वेळा पळवा, आणि जिंकल्यावर मिळणारे पैसे इतके तुटपुंजे की त्यांत धड टायरही येत नाहीत. याला खेळ म्हणायचे की रोजंदारी?

परवा तर कहर झाला. तासाभराची शर्यत, शेवटची फेरी, मी पहिला, आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही तगला, पण टॉवरची रेंज गेली, पडद्यावर संपर्क तुटल्याची पाटी झळकली आणि सगळी कमाई पाण्यात गेली. घरात एकट्याने खेळणाऱ्या माणसाला सतत इंटरनेट कशासाठी हवे?

मार्च २०२२ मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ या अशाच शर्यतीच्या गेममधील कित्येक शर्यतींची बक्षिसे घटवली, तेव्हा जगभरचे खेळाडू इतके खवळले की निर्मात्यांना माफी मागून प्रत्येकाला १० लाख क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, वाटावे लागले. खरे पैसे मोजले की क्रेडिट तिथे लगेच मिळतात. म्हणजे आधी कंटाळा पेरायचा आणि मग त्यावरचा उतारा विकायचा! पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाकडून आणखी किती उकळणार? माझ्या त्या ट्रॅकवरचे वळण मी आता डोळे मिटून घेतो, तरी लेव्हल कमी म्हणून चांगले इंजिन मिळत नाही. मला ती गाडी आज चालवायची आहे.