दोन वर्षं कपाटात राहिलेला ड्रेस

आज एक ड्रेस भाचीला देऊन टाकला. गडद निळा, लेबलसुद्धा न काढलेला. दोन वर्षांपूर्वी मी तो स्वतःसाठी घेतला होता, माझ्या मापापेक्षा दोन साइझ लहान. दहा किलो उतरले की घालायचा, असं ठरवून. भाचीने तो लगेच घातला, आरशासमोर एक गिरकी घेतली आणि मला घट्ट मिठी मारली. ती गेल्यावर मी बराच वेळ त्या रिकाम्या हँगरकडे बघत बसले. तेव्हापासून मनात जे चाललंय ते आज लिहून काढते. मोठं होईल, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

वजन कमी करायचं ठरवलं तेव्हा मी ८४ किलोची होते. रिपोर्टमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.२ आली होती. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. मी सगळं शिस्तीत सुरू केलं. लक्ष्य मोठं असेल तर त्याचे टप्पे करावेत आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःला काहीतरी बक्षीस द्यावं, हे वाचलं होतं. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. ८० ला बाहेर मनसोक्त जेवण. ७४ ला निळा ड्रेस. ७० ला पोहायला सुरुवात. ६८ ला सगळ्या कुटुंबाबरोबर एक छान फोटो.

ताईने तो कागद पाहिला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "अगं, पोहणं म्हणजे व्यायामच ना? मग तो तू चौदा किलो उतरल्यावर करणार?"

मी तेव्हा तिच्यावर चिडले. तिचं म्हणणं समजायला मला वर्षाहून जास्त काळ लागला.

आधी जेवणाच्या बक्षिसाबद्दल, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पहिल्याच आठवड्यात माझे जवळजवळ दोन किलो उतरले आणि मी हवेत होते. ती चरबी नव्हती. शरीरात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबर पाणी निघून जातं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पुढच्या आठवड्यात काटा चारशे ग्रॅमच हलला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तरी ८० गाठलं, ठरल्याप्रमाणे जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ८१.३ दाखवत होता.

त्या दिवशी मी रडले. आज माहीत आहे की एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एका जेवणाने सव्वा किलो चरबी वाढतच नाही. ते मीठ, त्याने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटातलं अन्न होतं. तीन दिवसांत उतरलंही. एखाद्या भरपेट जेवणाने कुणाचं काही बिघडत नाही, हे मी मनापासून सांगते. माझी तक्रार वेगळी आहे. जेवण बक्षीस झालं की रोजचं जेवण आपोआप शिक्षा होतं. सहा आठवडे मी जे नीट, पोटभर, चवीचं खात होते, त्याच्याकडे मी 'भोगायचं' म्हणून बघायला लागले.

शिकागो विद्यापीठातल्या आयलेट फिशबाक आणि येल विद्यापीठातले रवी धर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन कमी करू पाहणाऱ्या लोकांपैकी काहींना असं भासवलं की त्यांची प्रगती छान झाली आहे. नंतर निघताना सगळ्यांना सफरचंद किंवा चॉकलेट यातलं एक घ्यायला सांगितलं. ज्यांना प्रगती झाल्यासारखं वाटलं होतं त्यांतल्या ८५ टक्के लोकांनी चॉकलेट घेतलं, बाकीच्यांत ५८ टक्क्यांनी. 'एवढं केलं, आता चालेल' हे आपल्या सगळ्यांच्या मनात असतं. टप्पा गाठल्याचा आनंद आणि सुटका मिळाल्याची भावना इतकी जवळजवळ राहतात की एकीला हाक मारली की दुसरीही येते. म्हणून बक्षीस असं हवं की ज्याचा ताटाशी संबंध नाही.

पण माझी मोठी चूक ही नव्हतीच.

पाचव्या महिन्यात मी ७८ वर आले आणि तिथेच थांबले. अकरा आठवडे. रोज चालत होते, खाणं तेच होतं, काटा मात्र ७७.८ ते ७८.६ च्या मध्ये फिरत राहिला. असं होतं, आणि का होतं तेही माहीत आहे. शरीर हलकं झालं की त्याला चालवायला ऊर्जाही कमी लागते, शिवाय आपल्या नकळत आपली हालचाल थोडी मंदावते. जेवढ्या खाण्यावर ८४ किलोचं शरीर उतरत होतं, तेवढ्यावर ७८ किलोचं शरीर तोल सांभाळून बसतं. त्यात बायकांचं महिन्याचं चक्र असतं, त्या दिवसांत पाणी साठून एखाद-दोन किलो सहज वरखाली होतात.

माझ्या कागदावर या अकरा आठवड्यांसाठी काहीच नव्हतं. पुढचं बक्षीस ७४ ला. सत्त्याहत्तर दिवस मी रोज ठरलेलं काम केलं आणि रोज सकाळी माझ्याच यादीने मला सांगितलं की तुला काही मिळणार नाही. बाराव्या आठवड्यात मी चालणं सोडलं. सहा महिन्यांत ८२ झाले.

याच काळातली एक गोष्ट आठवली की आजही पोटात कालवतं. चालणं सुटल्यावर मधेच एकदा तापाने आठ दिवस अंथरुणात होते. अडीच किलो गेले. बरी होऊन बाहेर पडले तर भेटेल तो म्हणतोय, "वा, किती छान बारीक झालीस!" मला जिना चढवत नव्हता आणि माझं अभिनंदन होत होतं. काट्याच्या हिशेबाने बघितलं तर ते आठ दिवस बक्षिसाला पात्र होते आणि ते सत्त्याहत्तर दिवस नव्हते. असा हिशेब मला मान्य नाही.

आता ७८ बद्दल जे नंतर कळलं ते सांगते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांसाठी अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, 'डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम'. ३,२३४ लोक, निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यातल्या जीवनशैली बदलणाऱ्या गटाला दिलेलं लक्ष्य होतं, वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्या, तुलनेसाठीच्या गटापेक्षा या लोकांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी कमी होतं.

८४ चे ७ टक्के म्हणजे ५.९ किलो. म्हणजे ७८!

ज्या आकड्यावर मी स्वतःला नापास ठरवलं, तो माझ्या तब्येतीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा टप्पा होता. त्या वेळचा रिपोर्ट काढून पाहिला. एचबीए१सी ५.६. उंबरठ्यावरून मी मागे आले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, कारण कागदावर ७४ लिहिलं होतं आणि कपाटात ड्रेस टांगलेला होता. ७४ कुठून आलं? कुठूनही नाही. दहा हा गोल आकडा, एवढंच.

त्या संध्याकाळी मी तो कागद पुन्हा एकदा, ताईच्या नजरेने वाचला. पोहणं. अंगाला नीट बसेल असा ड्रेस. माझ्या माणसांबरोबर एक फोटो. ही बक्षिसं होती? ही तर माझी रोजची, साधी, हक्काची आयुष्यातली गोष्ट होती. ती मी स्वतःपासून काढून घेतली होती आणि किलोच्या भावाने स्वतःलाच परत विकत होते. ८४ किलोच्या बाईला मापाचे कपडे मिळू नयेत, हा नियम मीच केला होता. तीन वर्षांच्या घरातल्या कुठल्याच फोटोत मी नाही. सगळे मी काढलेले आहेत. त्या तीन वर्षांत माझी माणसं मोठी झाली, म्हातारी झाली, आणि मी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून बारीक होण्याची वाट बघत होते.

यावर मला फार ठामपणे बोलायचं आहे. स्वतःला बक्षीस द्या, जरूर द्या. पण आधी यादी तपासा. तिच्यात एखादी अशी गोष्ट आहे का, जी खरंतर आजच तुमची आहे? मापाचे कपडे, चांगले बूट, डॉक्टरकडे तपासणी, दातांचं राहिलेलं काम, मैत्रिणींबरोबर प्रवास, फोटो. त्या गोष्टी यादीतून काढा आणि आजच करून टाका. बुटांचंच घ्या. चालण्याचे बूट दहा किलो उतरल्यावर घेणाऱ्या दोन बायका मला माहीत आहेत. सगळ्यात जास्त भार गुडघ्यांवर असताना जुन्या चपलांवर चालायचं आणि भार कमी झाल्यावर चांगले बूट घ्यायचे, यात काय अर्थ आहे?

मी ८१ वर असताना पोहायला लागले. मापाचा पोहण्याचा पोशाख घेतला. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर यायला वीस मिनिटं लागली. ताई बाहेर शांतपणे थांबली होती, एकदाही घाई केली नाही.

मग बक्षीस कशाला? मी आता कामाला देते. आठवड्यात पाच दिवस चालले किंवा पोहले, की रविवारी दुपारचे दोन तास माझे. त्या वेळात मला कुणी हाक मारायची नाही, हे घरात सगळ्यांशी बोलून ठरलंय. घरातल्या बाईला यापेक्षा मोठं बक्षीस मला तरी सुचत नाही. काटा काय म्हणतो याच्याशी त्याचा संबंध नाही. काटा आजही वापरते, पण रोजचे आकडे लिहून आठवड्याची सरासरी बघते, माहिती म्हणून. ज्यांचं खाण्याशी नातं आधीच दुखावलेलं आहे, जे उपाशी राहणं आणि अनावर खाणं यांच्यात अडकतात, त्यांनी तर आकड्यांच्या टप्प्यांपासून लांबच राहावं आणि नीट जाणकाराची मदत घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

अजून एक गोष्ट माझ्या कामी आली. आवडीच्या कादंबऱ्या मी फक्त चालताना ऐकते, घरी बसून नाही. हीच कल्पना केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. खिळवून ठेवणारी ऑडिओ कादंबरी फक्त जिममध्येच ऐकायला मिळेल अशी सोय केली, तर लोक सुरुवातीला बरेच जास्त वेळा जिमला आले. मधे मोठी सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. तो माझाही ओसरतो. मग नवी कादंबरी घेते. यात बक्षीस कामाच्या शेवटी नसतं, कामाच्या आतच असतं, म्हणून वाट बघावी लागत नाही.

पैशाचं बक्षीस लावावं का, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. त्यावरही २००८ मध्ये केविन व्होल्प आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला होता, ५७ जणांचा. सोळा आठवडे वजनावर पैसे मिळत होते, तोवर त्या लोकांचं वजन बाकीच्यांपेक्षा खूप जास्त उतरलं. सातव्या महिन्यात पुन्हा मोजलं तेव्हा दोघांमधला फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता. मैत्रिणीला मी एवढंच विचारलं, पैसे थांबल्यावर तू सकाळी कशासाठी उठणार आहेस? ती अजून विचार करतेय.

आणि ज्या टप्प्याचा कुणीच उत्सव करत नाही, तो म्हणजे वजन तिथेच राहणं. उतरवण्याइतकीच मेहनत टिकवायला लागते, कदाचित जास्त, आणि त्यात रोज सकाळी 'काही झालं नाही' हीच बातमी असते. गेले सात महिने मी ७७ च्या आसपास आहे. एचबीए१सी अजून ५.६. पूर्वी याला मी अडकणं म्हटलं असतं. आता सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी सुट्टी घेतली, एकटी लांब फिरायला गेले आणि संध्याकाळी ताईला फोन करून सांगितलं की आज माझा मोठा दिवस आहे. तिने कारण विचारलं नाही. तिला तारीख पाठ होती.

सोबतचा फोटो गेल्या रविवारचा आहे. वजन ७७. मधोमध हिरव्या ड्रेसमध्ये उभी आहे ती मी.