रिपोर्टवर तापाचा दिवस कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या दिरांना ताप आला. पहिले तीन दिवस ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटामॉलवर गेले, चौथ्या दिवशी डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहून दिली, मग रविवार आणि पाऊस आडवे आले, आणि प्रत्यक्षात रक्त घेतले गेले ते सहाव्या दिवशी. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. दोन दिवसांनी प्लेटलेट्स घसरल्या, आयजीएम पॉझिटिव्ह आले आणि दिरांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. डेंग्यूच्या विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन रक्तात सापडते ते मुख्यतः तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत. त्यानंतर त्याचा भरवसा कमी होत जातो आणि शरीराने तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडे शोधावी लागतात. म्हणजे तीच चाचणी दुसऱ्या दिवशी केली तर उत्तर एक आणि सहाव्या दिवशी केली तर कदाचित दुसरे. तो रिपोर्ट मी जपून ठेवला आहे. त्यावर नाव, वय, पत्ता, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव, छपाईची मिनिटापर्यंतची वेळ, सगळे आहे. ताप कधीपासून आहे, एवढेच नाही.

उपचार लक्षणांवरूनच होतात, रिपोर्टसाठी कोणी थांबत नाही, असे डॉक्टर म्हणतात, आणि एका रुग्णापुरते ते बरोबरही आहे. लेप्टो या जिवाणूंमुळे होणाऱ्या पावसाळी आजाराचा संशय आला की प्रतिजैविक लगेच सुरू करतात, आणि तेच योग्य. पण साथीच्या काळात चाचणी फक्त त्या रुग्णासाठी नसते, ती त्याच्या शेजाऱ्यांसाठीही असते. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला एडिस डास लगेच रोग पसरवू शकत नाही. त्याच्या शरीरात विषाणू वाढायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. रिपोर्ट दोन दिवसांत मिळाला आणि त्याच संध्याकाळी पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात पोहोचला, तर आसपासची पिंपे, टायर, कुंड्यांखालच्या बशा तपासायला आणि फवारणी करायला आठवडाभर हाताशी असतो. तोच रिपोर्ट दहाव्या दिवशी आला तर धूर सोडणारा माणूस चाळीत येतो खरा, पण तोवर डास आपले काम करून गेलेला असतो. आमच्याकडे तो आला तेव्हा दिरांना घरी आणून चार दिवस झाले होते.

उशीर नेमका कुठे होतो, हे मला एका तंत्रज्ञ मैत्रिणीने समजावून सांगितले. आयजीएमची एलायझा चाचणी ज्या प्लेटवर करतात तिला ९६ खाचा असतात. नमुना एक असो वा ऐंशी, प्रत्येक वेळी काही खाचा नियंत्रण नमुन्यांना, म्हणजे ज्यांचे उत्तर आधीच माहीत असते अशा नमुन्यांना, द्याव्याच लागतात, त्यामुळे चार नमुन्यांसाठी प्लेट लावणे परवडत नाही आणि पुरेसे नमुने जमेपर्यंत ते फ्रीजमध्ये पडून राहतात. भर साथीत प्लेट रोज भरते. रखडतात ते साथीच्या सुरुवातीचे मोजके नमुने, म्हणजे ज्यांच्या उत्तराची शहराला सर्वांत जास्त गरज असते तेच. मला ही व्यवस्था उलटी वाटते: जून महिन्यात अर्धी प्लेट वाया गेली तरी चालेल, असे पालिकेच्या आदेशातच लिहिलेले असायला हवे.

कोविडमध्ये आपण हे अनुभवले आहे. पीसीआरचे यंत्र काही तासांत उत्तर देत असे. दिवस जात ते नमुन्याच्या प्रवासात, नोंदणीत आणि रांगेत. खूप मागे जायचे तर सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा प्लेगच्या जंतूचा शोध लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती. निदान झटपट झाले होते. ते मान्य करायला वेळ लागला. तेव्हा आडवा आला होता अविश्वास, आज आडवी येते अर्धी भरलेली प्लेट.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, पावसाळी आजारांच्या रुग्णसंख्येचे आकडे जाहीर करताना पालिकेने त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने जोडावेत: तापाच्या कितव्या दिवशी रक्त घेतले, आणि रक्त घेतल्यापासून किती तासांनी रिपोर्ट हाती पडला. मुंबईच्या सगळ्या वॉर्डांचे हे आकडे शेजारी शेजारी छापले गेले, तर कुठे नमुने रखडतात हे कुणी विचारण्याआधीच दिसेल. खासगी लॅबनाही हीच सक्ती असावी. घरी येऊन रक्त नेण्याची तत्परता त्यांच्याकडे आहेच.

परवा दिरांच्या मुलाचे अंग गरम लागले. मी कॅलेंडरवर दुधाच्या नोंदीखाली ‘ताप १’ असे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी केसपेपरवर मी न सुचवताच ‘ताप, दिवस दुसरा’ असे लिहिले, तेव्हा फार बरे वाटले. रिपोर्ट कधी मिळेल, हे मात्र खिडकीवरच्या माणसाला सांगता आले नाही.