९५ टक्के शुद्ध म्हणजे ९५ टक्के कार्यक्षम नव्हे

जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. त्याचा आशय असा (रिकॉम्बिनंट म्हणजे मानवी जनुक पेशींत घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं, ई. कोलाय हा त्यासाठी वापरला जाणारा जिवाणू): ‘रिकॉम्बिनंट मानवी एन्झाइमच्या लेबलवर शुद्धता ९५ टक्क्यांहून जास्त असली की डोळे झाकून वापरा. मायक्रोग्रॅम बघून टाका. ई. कोलायमधलं असो की मानवी पेशींतलं, फरक पडत नाही. उणे २० अंशांवर ठेवा, लागेल तसं वितळवा. मानवीच प्रोटीन आहे, पेशींवर थेट घाला.’ या सल्ल्यापायी महागडी ट्यूब आणि त्याहून महाग असे महिने वाया जातात. म्हणून यातलं एकेक विधान एकाच एन्झाइमवर तपासून पाहू: मानवी कार्बोनिक अॅनहायड्रेज २. वजन सुमारे २९ किलोडाल्टन, मध्यभागी तीन हिस्टिडिनांनी धरलेला झिंकचा एक अणू, आणि काम कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करण्याचं.

‘शुद्धता ९५ टक्के, म्हणजे एन्झाइम तयार.’ खरी गोम इथेच आहे. लेबलवरचा हा आकडा बहुतेक वेळा एसडीएस जेलवरच्या (प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलीवरच्या) पट्टीवरून काढलेला असतो. एसडीएस हा साबणासारखा पदार्थ प्रोटीनची घडी मोडतो, मगच ते जेलमधून धावतं. त्यामुळे झिंक असलेला रेणू, झिंक नसलेला रेणू आणि चुकीची घडी पडलेला रेणू, तिघेही २९ किलोडाल्टनच्या एकाच पट्टीत येऊन बसतात. झिंकविना या एन्झाइमचं काम शून्य. ई. कोलायमध्ये प्रोटीन भराभर तयार होत असताना माध्यमात झिंक कमी पडलं, तर बरेच रेणू रिकामेच राहतात. म्हणूनच जाणकार प्रयोगशाळा आयपीटीजी (जिवाणूला प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) घालतानाच माध्यमात झिंक सल्फेटही घालतात.

मग चालू रेणू किती, हे कसं कळणार? ट्यूब उघडली की पहिल्याच दिवशी टायट्रेशन करा, म्हणजे एन्झाइम थांबवणारं औषध थोडंथोडं वाढवत काम कुठे बंद पडतं ते बघा. ५० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ८, २५ अंश. २८० नॅनोमीटरच्या शोषणावरून प्रोटीन १ मायक्रोमोलर येईल इतकं घ्या. वेगवेगळ्या ट्यूबांत अॅसिटाझोलामाइड शून्यापासून २ मायक्रोमोलरपर्यंत ०.२च्या पायऱ्यांनी घाला. (काचबिंदूवर आणि उंचावरच्या त्रासावर देतात तेच हे औषध; ते या एन्झाइमला बांधून त्याचं काम थांबवतं.) पंधरा मिनिटं थांबा. मग अॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवलेलं ४-नायट्रोफेनिल अॅसिटेट (हे एन्झाइम तेही फोडतं आणि नायट्रोफेनॉल सुटतं) अंतिम ०.५ मिलिमोलर होईल असं घाला आणि ३४८ नॅनोमीटरवर पहिल्या मिनिटाचा चढ मोजा. ४०५ ऐवजी ३४८ का? नायट्रोफेनॉलचा पिवळेपणा पीएचप्रमाणे बदलतो, ३४८वर त्याची दोन्ही रूपं सारखंच शोषतात. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये पूर्ण चालू एन्झाइमचा चढ मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ येतो. एन्झाइम नसलेल्या ट्यूबचा चढ त्यातून वजा करायला विसरू नका, कारण हे अॅसिटेट बफरमध्ये आपोआपही फुटतं.

अॅसिटाझोलामाइडचा केआय (इनहिबिटर म्हणजे काम थांबवणारा रेणू किती घट्ट बांधतो त्याचा आकडा; जितका कमी तितकी पकड घट्ट) १० नॅनोमोलरच्या आसपास आहे, म्हणजे १ मायक्रोमोलर एन्झाइमपुढे फारच कमी. त्यामुळे घातलेला जवळपास प्रत्येक रेणू एकेका चालू एन्झाइमला बांधतो आणि आलेख सरळ रेषेत खाली उतरतो. ही रेषा पुढे वाढवली आणि तळाला ०.६वर टेकली, तर तुमच्या ‘१ मायक्रोमोलर’मधलं चालू एन्झाइम ०.६ आहे. लेबलवर ९५ लिहिलेलं असलं तरी. एका ट्यूबमध्ये १० मायक्रोमोलर अॅसिटाझोलामाइड घालून बघा. एवढ्यानंतरही उरलेला चढ कोऱ्या ट्यूबपेक्षा जास्त असेल, तर दुसरंच कुठलंतरी एस्टरेज (असं अॅसिटेट फोडणारं एन्झाइम) सोबत आलंय, आणि तेही जेलवर दिसलेलं नाही.

आकडा कमी आला तर प्रोटीनच्या मोलांपेक्षा किंचित जास्त झिंक सल्फेट ट्रिसमध्येच घालून, तासभर बर्फावर ठेवून, डीसॉल्टिंग करून (सुटं झिंक गाळून काढून) पुन्हा मोजा. फॉस्फेट बफरमध्ये हे करू नका, झिंक फॉस्फेटचा साका बसतो. कार्यक्षमता वाढली तर झिंकच कमी होतं. वाढली नाही तर घडी बिघडलेली आहे, तो लॉट परत पाठवा.

या आकड्यावाचून पुढची सगळी गणितं चुकतात. घट्ट बांधणाऱ्या इनहिबिटरचा आयसी५० (निम्मं काम थांबवायला लागणारं प्रमाण) म्हणजे केआय, आणि त्यात चालू एन्झाइमच्या प्रमाणाचा निम्मा आकडा मिळवलेला. १ मायक्रोमोलर एन्झाइमच्या परीक्षेत अॅसिटाझोलामाइडसुद्धा ५०० नॅनोमोलरला निम्मं काम थांबवताना दिसेल! तो गुण औषधाचा नाही, तुम्ही किती एन्झाइम घातलं त्याचा आहे.

‘मायक्रोग्रॅम बघून टाका.’ मायक्रोग्रॅम कशाचे? सुकवलेल्या पावडरीत मीठ आणि ट्रेहॅलोजही असतं, दिसणारा थर बराचसा त्यांचाच. रंगावरून प्रोटीन मोजणारी ब्रॅडफर्ड परीक्षा बीएसएवर (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनवर) बेतलेली, दुसऱ्या प्रोटीनला तिचा रंग कमीजास्त येतो. २८० नॅनोमीटरवर या एन्झाइमचा मोलर गुणांक सुमारे ५४,००० आहे, म्हणजे शोषण ०.५४ आलं की १० मायक्रोमोलर. ट्यूब उघडण्याआधी एकदा सेंट्रिफ्यूज करा, पावडर झाकणाला चिकटलेली असते. लेबलवरच्या ‘युनिट’चीही व्याख्या वाचा. विल्बर-अँडरसन युनिट शून्य ते ४ अंशांवर, कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच ८.३वरून ६.३वर यायला लागणाऱ्या वेळेवरून काढतात. एस्टरेजचं युनिट वेगळं. दोन्हींची तुलना होत नाही.

‘ई. कोलाय की मानवी पेशी, फरक पडत नाही.’ अॅनहायड्रेज २पुरतं हे बरंचसं खरं आहे. ते पेशीद्रवात राहतं, त्यात डायसल्फाइड बंध नाही, साखरेची साखळी नाही. रक्तपेशींतल्या मूळ प्रोटीनच्या सुरुवातीला अॅसिटिल गट असतो, तो मात्र ई. कोलायमध्ये लागत नाही. पण घरातल्याच भावंडांकडे बघा: अॅनहायड्रेज ४मध्ये दोन डायसल्फाइड बंध आहेत, अॅनहायड्रेज ९वर साखर आहे आणि ते जोडीने राहतं. ई. कोलायच्या पेशीद्रवात असे बंध जुळत नाहीत. गोशे या आनुवंशिक आजारावर देतात त्या ग्लुकोसेरेब्रोसिडेज एन्झाइमचं तर सगळं गणितच साखरेवर आहे. टोकाला मॅनोज ही साखर उघडी नसेल तर मॅक्रोफेज (शरीरातल्या भक्षक पेशी) ते नीट उचलत नाहीत. म्हणून हॅमस्टरच्या पेशींत बनवल्यावर त्याच्या साखळ्या मुद्दाम छाटतात.

हिस टॅगबद्दलही (शुद्धीकरण सोपं व्हावं म्हणून प्रोटीनला जोडलेल्या हिस्टिडिनांच्या शेपटीबद्दल) दोन शब्द. टॅगमधले हिस्टिडिन स्वतःच झिंक धरतात. टॅग न कापता झिंक मोजलं तर रेणूमागे एकापेक्षा जास्त भरतं आणि रिकामं एन्झाइमही भरलेलं वाटतं.

‘उणे २०ला ठेवा, लागेल तसं वितळवा.’ ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० चालेल, कारण ते गोठत नाही. नसेल तर १० मायक्रोलिटरचे एकदाच वापरायचे भाग करून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा आणि उणे ८०ला ठेवा. सोडियम फॉस्फेट गोठताना त्याचा एक क्षार आधी बाहेर पडतो आणि पीएच खाली घसरतो. ट्रिसचं उलट: २५ अंशांवर ८.० लावलेला ४ अंशांवर ८.६च्या जवळ जातो. ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा पातळ द्रावण ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटून जातं. त्यावर बीएसए घालायची सवय असते, पण या परीक्षेत ती अंगाशी येते, कारण अल्ब्युमिन स्वतः नायट्रोफेनिल अॅसिटेट फोडतं. ०.०१ टक्का ट्वीन-२० घाला. जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते सोडियम अॅझाइडही जपून: ०.०२ टक्के म्हणजे ३ मिलिमोलर, आणि या एन्झाइमला अॅझाइडचा केआय सुमारे १.५ मिलिमोलर. शंभरपट पातळ केलं तर हरकत नाही, दुप्पटच पातळ केलं तर एन्झाइमच अर्धवट झाकलं जाईल.

‘मानवीच प्रोटीन आहे, पेशींवर थेट घाला.’ क्रम मानवी आहे, कारखाना जिवाणूचा. ई. कोलायच्या बाह्यकवचातलं एंडोटॉक्सिन (पेशींना चेतवणारा विषारी पदार्थ) शुद्धीकरणानंतरही मागे राहतं आणि जेलच्या प्रोटीन-रंगात दिसत नाही. मॅक्रोफेजवर असं प्रोटीन घातलं आणि टीएनएफ (दाह सुरू करणारं प्रोटीन) वाढला, तर तो परिणाम एन्झाइमचा म्हणून लिहू नका. एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या एलएएल परीक्षेचा आकडा मागवा. सोबत तेच प्रोटीन ९५ अंशांवर अर्धा तास उकळून एका वेलमध्ये घाला, आणि दुसऱ्यात न उकळलेलं प्रोटीन, एंडोटॉक्सिनला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी मिसळून. एन्झाइम उकळल्यावर मरतं, एंडोटॉक्सिन मरत नाही. उकळलेल्या वेलमध्येही टीएनएफ तेवढाच आला आणि पॉलिमिक्सिनने तो उतरला, तर आधी एंडोटॉक्सिन काढा, मग प्रयोग पुन्हा लावा.